नोकरी सांभाळून रोज तासभर खेळण्यासाठी सेलेस्ट, स्टारड्यू व्हॅली, हॉलो नाइट आणि विचर 3 यांपैकी कोणता गेम घ्यावा?

रोज जेमतेम तासभर हाताशी असेल, तर या चारांपैकी सेलेस्ट (2018) घ्यावा, असे चारही गेम खेळल्यानंतरचे माझे मत आहे. हा उड्या मारत डोंगर चढण्याचा गेम आहे. ही चढण लहान लहान तुकड्यांत विभागलेली असल्यामुळे पात्र पडले तरी क्षणार्धात त्याच तुकड्याच्या सुरुवातीला परत येते, आणि फारच अडले तर असिस्ट मोडमधून, म्हणजे खेळ सोपा करण्याच्या सोयीतून, खेळाचा वेग कमी करता येतो. शेती सांभाळण्याचा स्टारड्यू व्हॅलीही वाईट नाही. एकट्याने खेळताना त्यातला पूर्ण दिवस साधारण 14 मिनिटांत संपतो, मात्र प्रगती दिवसाच्या अखेरीसच सेव्ह होत असल्याने ‘एवढा एकच दिवस’ म्हणता म्हणता मध्यरात्र उलटते. हॉलो नाइटमध्ये मेल्यावर ज्या बाकावर बसून शेवटचे सेव्ह केले, तिथपासून पुन्हा वाट तुडवावी लागते आणि जमवलेले पैसे मेल्या जागीच राहतात; दमून घरी आल्यावर हे जिवावर येते. विचर 3 ची कथा चारांत सर्वांत सरस आहे, पण तो लांबलचक असल्यामुळे सलग सुट्ट्यांसाठी राखून ठेवावा. सेलेस्टबाबत अट एकच: कीबोर्डवर तिरकी झेप घेताना बोटांची फार ओढाताण होते, म्हणून साधा का होईना, कंट्रोलर जवळ असावा.