चेंबर ऑर्केस्ट्राचे, म्हणजे छोट्या वाद्यवृंदाचे, एक जुने, निष्ठावान पाठीराखे वारले. स्मृतिमैफलीत काय वाजवावं आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्याबद्दल काय लिहावं?

अमेरिकन संगीतकार सॅम्युएल बार्बरचा ‘अडाजिओ’ वाजवू नका, एवढं आधी सांगून टाकतो. रचना सुंदर आहे, वाद नाही. 1936 साली एका स्ट्रिंग क्वार्टेटचा (चार तंतुवाद्यांच्या रचनेचा) संथ भाग म्हणून ती लिहिली गेली, 1938 मध्ये ऑर्केस्ट्राच्या रूपात पहिल्यांदा वाजली, आणि पुढे कुणीही मोठं माणूस गेलं की तीच वाजू लागली. तुमच्या माणसाबद्दल तिच्यातून काहीही कळणार नाही. हायडनची ‘फेअरवेल’ सिंफनी तर मुळीच नको. नावाला भुलून लोक ती निवडतात. 1772 साली एस्टरहाझी राजपुत्राच्या उन्हाळी वाड्यात वादक अडकून पडले होते, त्यांना घरी जायचं होतं. म्हणून शेवटी एकेक जण उठून चालू लागतो. तो रजेचा अर्ज आहे, श्रद्धांजली नव्हे.

मी व्हायोला वाजवतो, व्हायोलिनपेक्षा जरा मोठं वाद्य. आमच्याकडेही असे एक काका होते. पैसेवाले नव्हते, वाद्य येत नव्हतं, नोटेशन वाचता येत नव्हतं. तालमीला मात्र आमच्यातल्या काही वादकांपेक्षा जास्त नियमित.

कंडक्टर, म्हणजे समोर उभा राहून वादकांना चालवणारा, नसलेल्या ऑर्केस्ट्राची गोम तुम्हाला माहीतच असेल. समोर खुर्च्यांत काय पोचतंय, हे वाजवणाऱ्यांपैकी कुणालाच कळत नाही. मला शेजारचा चेलो कानात बसतो आणि पलीकडची दुसरी व्हायोलिनं अर्धवट ऐकू येतात. काका तालमीत रिकाम्या रांगांमधून फिरत, कधी अगदी पुढे, कधी मागच्या भिंतीला टेकून. आम्ही थांबलो की एखादं वाक्य बोलत. “बास मागे येऊन घुमतोय.” “व्हायोलांचे हात दिसतात, आवाज येत नाही.” हे दुसरं मला झोंबायचं, पण खरं असायचं. सभागृह माणसांनी भरलं की आवाज शोषला जातो, घुमणं कमी होतं, हे त्यांनी नुसतं ऐकून ओळखलं होतं. म्हणून कधीकधी म्हणायचे, “आत्ता जरा जास्त वाटतंय, पण राहू दे, संध्याकाळी बरोबर बसेल.” बसायचं.

त्यांच्या पिशवीत पेन्सिली, खोडरबर, स्टँडचे सुटे स्क्रू, चेलोची दांडी घसरू नये म्हणून एक पट्टा आणि उघड्यावर वाजवताना पानं उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे असायचे. हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

ते गेल्यावर आमच्या समितीने स्मृतिमैफल केली. पत्रिकेत पाठीराख्यांची यादी नेहमीप्रमाणे रकमेच्या उतरत्या क्रमाने छापली. ज्यांच्यासाठी मैफल, त्यांचं नाव शेवटच्या पानावर, बारीक टायपात, ‘इतर’ या मथळ्याखाली! मी विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, “पॉल साखर नसता तर बार्टोकचं ‘डिव्हर्टिमेंटो’ झालं असतं का?”

नसतं झालं. मान्य. पॉल साखर (Paul Sacher) हा स्वित्झर्लंडमधला धनिक. त्याच्या घरी बायकोकडून औषध कंपनीचा पैसा आला होता आणि त्याने तो आधुनिक संगीतावर सढळ हाताने खर्च केला. 1939 च्या ऑगस्टमध्ये त्याच्याच डोंगरातल्या बंगल्यात राहून हंगेरियन संगीतकार बार्टोकने ‘डिव्हर्टिमेंटो’ लिहिलं. रिचर्ड स्ट्राउसचं ‘मेटामॉर्फोसेन’सुद्धा त्याच्याच सांगण्यावरून झालं. पण साखर स्वतः कंडक्टर होता, बाझेलचा चेंबर ऑर्केस्ट्रा त्याने विशीत उभा केला होता. म्हणजे तोही तालमीत बसणारा माणूस, नुसता चेक लिहिणारा नव्हे. हे मी अध्यक्षांना तेव्हाच ऐकवलं. त्यांनी विषय बदलला.

मैफलीत ‘अडाजिओ’च वाजला. काकांना बार्टोक आवडायचा, विशेषतः त्या ‘डिव्हर्टिमेंटो’चा तिसरा, उड्या मारणारा भाग. अध्यक्षांच्या मते तो ‘प्रसंगाला शोभला नसता’. आणि त्या संध्याकाळी चेलो सगळ्यांवर चढला होता, हे आम्हाला नंतर ध्वनिमुद्रण ऐकताना कळलं. तालमीत खुर्च्यांमधून फिरायला कुणी नव्हतंच.

तेव्हा तुमच्या गृहस्थांना काय आवडायचं ते आधी त्यांच्या घरी विचारा. वेगवान, हसरं काही निघालं तर तेच वाजवा. संथ रचनाच हवी असा घरच्यांचा आग्रह असेल तर मात्र त्यांचं ऐका, माझं नको. माणूस त्यांचा गेलाय. पत्रिकेत ‘संगीताचे थोर उपासक’ वगैरे लिहू नका. ते काय करायचे ते लिहा: कुठे बसायचे, काय उचलायचे, काय बोलायचे. आणि ते काम आता कोण करणार, हे मैफलीच्या आधी ठरवा, नंतर नाही.

त्यांनी मोठी रक्कमही दिली असेल तर यातलं काही तुम्हाला लागू नसेल. तरी यादी वर्णानुक्रमे लावा. आमच्याकडे अजून रकमेनुसारच लागते. पुढच्या सभेत मी हा विषय पुन्हा काढणार आहे.