अँटिबॉडीचा आकडा लहान, म्हणून आजार सौम्य?

प्रश्न : १९९६ साली बाळंतपणात मला रक्त चढवलं होतं. गेल्या वर्षी पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी हिपॅटायटिस सी निघाला. अँटिबॉडीचा आकडा ५.२, जीनोटाइप (म्हणजे विषाणूचा प्रकार) ३. चुलत दिरांनाही हाच आजार. त्यांचा आकडा १४, जीनोटाइप १. ते म्हणतात, "वहिनी, तुमचा सौम्य दिसतोय." बारा आठवडे गोळ्या घेतल्या, विषाणू सापडला नाही. पण परवा अँटिबॉडी पुन्हा पॉझिटिव्ह! गोळ्या वाया गेल्या का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, गोळ्या वाया गेलेल्या नाहीत. विषाणू गेला तरी अँटिबॉडी वर्षानुवर्षं रक्तात राहते. बरं झाल्यावर ही तपासणी कुणी करायला सांगितली, हेच मला कळत नाही.

आता दिरांचा हिशेब. मी रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं एलायझाच्या, म्हणजे रंगावरून अँटिबॉडी ओळखणाऱ्या तपासणीच्या, प्लेटा पाहिल्या. तो आकडा म्हणजे तुमच्या नमुन्याचा रंग किटच्या मर्यादेच्या किती पट उतरला, एवढंच. आजार किती, हे त्यात नसतं.

जीनोटाइपचा मात्र त्या आकड्याशी संबंध येतो. विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, आणि पहिली किटं निघाली ती जीनोटाइप १ च्या विषाणूतला एनएस४ या प्रथिनाचा तुकडा घेऊन. आपल्याकडे जास्त आढळतो तो ३. या दोन प्रकारांच्या जनुकीय मजकुरात सुमारे तीस टक्के फरक, आणि एनएस४ मध्ये तो चांगलाच जाणवतो. जावेच्या मापाचा ब्लाउज अंगात जातो, पण खांद्यावर ढळतो. तशी ३ वाल्यांची अँटिबॉडी त्या तुकड्याला सैल चिकटायची. रंग फिका यायचा, कधी यायचाच नाही. पुढच्या किटांत विषाणूचे कोअर आणि एनएस३ हे भागही आले. कोअर सगळ्या प्रकारांत बरंचसं सारखं, त्यामुळे ही तफावत खूप कमी झाली. गंमत म्हणजे एनएस४ मधल्या याच फरकावरून काही प्रयोगशाळा रक्तातल्या अँटिबॉडी पाहून विषाणूचा प्रकार ओळखत.

म्हणून ५.२ आणि १४ शेजारी ठेवू नका. किटही वेगळं असेल. आणि ३ सौम्य मुळीच नाही. यकृतात चरबी साठवण्यात तो बाकीच्यांच्या पुढे. दिरांना हे सांगा, जरा जोरातच सांगा.

आणखी एक. ही अँटिबॉडी संरक्षण देत नाही. विषाणू आपलं बाहेरचं आवरण सतत बदलत राहतो आणि अँटिबॉडी मागे पडते. पुन्हा संसर्ग होऊ शकतो, तेव्हा सुई, दाताचे उपचार, गोंदण यांत जपा. रक्तदान मात्र आता करू नका.

विषाणू न सापडल्याचा तो आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) रिपोर्ट गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी काढलेला आहे ना? तारीख पाहा. तसा असेल तर त्याची झेरॉक्स पर्समध्ये ठेवा, आणि पुढच्या वेळी कुणी अँटिबॉडी काढायला निघालं की आधी तीच पुढे करा.