पिकलबॉलमध्ये माझी पातळी ३.० की ३.५, हे कसं ठरवू? (इंदूरच्या एका स्पर्धेचा फॉर्म भरायचाय)

स्मॅशवरून मुळीच ठरवू नका. आपल्या इंदुरात बॅडमिंटनमधून आलेल्यांना जोरात मारणं लगेच जमतं. खरी पारख तिसऱ्या फटक्यावर होते: सर्व्हिस, रिटर्न झाल्यावर मागच्या रेषेवरून चेंडू पलीकडच्या ७ फुटी किचनमध्ये (जाळीलगतच्या पट्ट्यात) अलगद पडतो का? माझ्या मते निम्म्या वेळा पडत असेल आणि पुढे येऊन घाई न करता डिंक (जाळीजवळून अलगद मारलेला छोटा फटका) खेळता येत असेल, तर ३.५. नाहीतर ३.०. मुद्दाम खालची पातळी मात्र लिहू नका, नवख्यांवर अन्याय होतो. रोजच्या ग्रुपमधले विजयही फार धरू नका. तिथे सगळ्यांना एकमेकांचे फटके पाठ असतात. अनोळखी खेळाडूंशी ११ गुणांचे गेम खेळा आणि निकाल डूपर (DUPR) या पिकलबॉलच्या रेटिंग प्रणालीवर नोंदवा. तिथलं रेटिंग २ ते ८ असतं, निकालांनुसार बदलत जातं.