शाळा २० टक्क्यावर आली, मग फी कशाची?

प्रश्न: नमस्कार ताई, माझी मुलगी तालुक्याच्या गावी मुलींच्या विद्यालयात सातवीला आहे. शाळा इतकी वर्षं विनाअनुदानित होती, आता २० टक्के अनुदानावर आली म्हणून पेढे पण वाटले. पण या जूनला परत फी मागितलीच, क्लार्कला विचारलं तर म्हणे अनुदान शिक्षकांचं असतं, तुमचं नाही. आमचे मिस्टर म्हणतात सरकारी झाली म्हणजे आता कोण शिकवतंय, पोरीला इंग्लिश मिडीयमला टाकू. काय करावं? – एक आई

उत्तर: क्लार्क तोडून बोलला, पण बोलला त्यात अर्धं खरं आहे. आधी मिस्टरांचं बघू. शाळा सरकारी होत नाही हो, संस्था तीच राहते, बाई त्याच, आणि मुलींची शाळा मुलींचीच राहते, सरकार फक्त पगाराचा वाटा उचलतं. २० टक्के म्हणजे मंजूर शिक्षक-शिपायांच्या पगाराचा पाचवा हिस्सा, तोही त्यांच्या खात्यात जातो, खडू, लाईटबिल, मुलींच्या संडासची तुटलेली कडी यासाठी संस्थेच्या हातात त्यातला रुपया येत नाही.

आणि हे २० टक्के कसे आलेत ते पण माहीत असू द्या. २००१ ला सरकारने ठरवलं की नवीन शाळा "कायम विनाअनुदानित", म्हणजे पैसे कधीच मागायचे नाहीत. २००९ ला तो कायम शब्द निघाला, मग तपासण्या, मूल्यांकन, परत तपासण्या, आणि २०१६ ला कुठे पहिले २० टक्के सुरू झाले, अनुदानाचे पुढचे टप्पे मिळवायला शिक्षक २०२५ च्या जुलैमध्ये सुद्धा मुंबईच्या आझाद मैदानावर पावसात बसले होते. मी अशाच एका शाळेत १४ वर्षं काढलीत. आमच्या गणिताच्या बाई शाळा सुटली की रात्री ११ पर्यंत ब्लाउज शिवायच्या, बोटाला सुई लागलेली असायची म्हणून खडू चिकटपट्टी लावून धरायच्या. पहिला पगार जमा झाला तेव्हा त्या मोबाईल घेऊन व्हरांड्यात गेल्या, मेसेज वाचला, आत आल्या, परत बाहेर जाऊन वाचला, रक्कम बघितली तर आमच्या गावच्या गवंड्याच्या महिन्याच्या कमाईपेक्षा कमीच होती पण त्या दिवशी त्यांनी नववीचा जादा तास घेतला. पगार लागला की शिक्षक शिकवत नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही. उलट आधी दर दीड-दोन वर्षांनी विज्ञानाचे सर बदलायचे, चांगली नोकरी मिळाली की निघून जायचे, ते थांबलं.

आता फी. इथे तुमचा हक्क आहे आणि तो क्लार्कने सांगितला नाही. शिक्षण हक्क कायद्यात (२००९ चा) स्पष्ट आहे की अनुदान घेणाऱ्या शाळेने वर्षाच्या खर्चात अनुदानाचा जेवढा हिस्सा, तेवढ्या हिश्श्याच्या मुलांना पहिली ते आठवी मोफत शिकवायचं, आणि कमीत कमी २५ टक्के तरी. म्हणजे आज सगळ्यांची फी माफ होणार नाही, पण काही मुलींची व्हायलाच पाहिजे, त्या कोण आणि कशा निवडल्या हे मुख्याध्यापिकांना विचारा, लेखी विचारा. पूर्ण अनुदान आलं की मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी नसते, तोपर्यंत मधली काही वर्षं अशी अर्धवटच जाणार, आणि त्याचा ताण पालकांवर येतो हे मला मान्य आहे, मला ते अजिबात बरोबर वाटत नाही.

शाळा मात्र बदलू नका असं मी अगदी मनापासून सांगते. अनुदानाचा पुढचा टप्पा पटसंख्येवर अडतो. तुमच्यासारख्या दहा जणींनी दाखले काढले तर तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षकाचं पद जातं, आणि मग ज्यांना इंग्लिश मिडीयमची व्हॅन परवडत नाही त्या मुली घरी बसतात, आठवीनंतर लग्नाचं बघायला लागतात, मी बघितलंय.

फी भरलीत तर पावती घ्या, त्यावर कशाची फी ते लिहून घ्या, "विकास निधी" एवढंच नको. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत कोण पालक आहेत ते नोटीस बोर्डवर बघा, फीबद्दल त्यांच्याकडे पण विचारा. पाचवी ते आठवीच्या पोषण आहाराचा प्रस्ताव गेलाय का तेही त्याच दिवशी विचारा. एकट्या जाऊ नका, वर्गातल्या अजून चार आयांना सोबत घ्या, आणि शक्यतो शनिवारी सकाळी जा, तेव्हा बाईंना बोलायला वेळ असतो.