वाचकांचे प्रश्न : स्वनिम, रूपिका आणि घरची बोली

प्रश्न : बी.ए.ला मराठी घेतलं आहे. भाषाविज्ञानाच्या चाचणीत ‘च’ हा एकच स्वनिम धरला आणि न्यूनतम युग्म म्हणून ‘दिन–दीन’ लिहिलं. दोन्हींचे गुण गेले. का?

उत्तर : दोन्हीकडे तुम्ही कान सोडून लिपीवर विसंबलात. स्वनिम म्हणजे अर्थात फरक करणारा ध्वनी, आणि न्यूनतम युग्म म्हणजे एकाच ध्वनीमुळे वेगळ्या ठरणाऱ्या दोन शब्दांची जोडी. ‘चार आंबे’ आणि ‘गुरं चार’ (म्हणजे चरायला ने) मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या ‘च’ला जिभेचं पातं टाळूकडे जातं, दुसऱ्याला टोक वरच्या दातांमागे टेकतं. बाकीचा शब्द तोच, बदलला एकच ध्वनी, आणि अर्थ पालटला. म्हणजे तालव्य च आणि दंततालव्य च हे दोन स्वनिम. दुनिया या अर्थाचं ‘जग’ आणि ‘शंभर वर्षं जग’ यातलं ‘जग’ हीही तशीच जोडी. टिपण काढताना दंततालव्याखाली नुक्ता द्या : च़, ज़.

‘दिन–दीन’चं नेमकं उलट. फरक कागदावर आहे, बहुतेकांच्या तोंडी दोन्ही सारखेच येतात. त्यापेक्षा काल–काळ, वेल–वेळ, मन–मण द्या. ‘ळ शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, म्हणून तो ल चंच स्वनांतर’ (एकाच स्वनिमाचा परिसरानुसार बदलणारा उच्चार) असं मात्र लिहू नका. शब्दाच्या शेवटी दोघं समोरासमोर येतातच.

खरी मेख ‘माझा, माझी, माझे’ अशा संचात असते. ‘माझा’त झ दंततालव्य, ‘माझी–माझे’त तालव्य. लगेच निष्कर्ष निघतो : पुढे इ-ए असेल तर एक, इतरत्र दुसरा, म्हणजे एकाच स्वनिमाची स्वनांतरं. नियम खरा आहे, निष्कर्ष चुकला. पुढे इ-ए असेल तर भेद मिटतो, पण पुढे आ असेल तर दोन्ही प्रकार येतात, ते वर ‘चार’मध्ये दिसलंच.

म्हणून आधी तीन रकाने आखा : ध्वनी, त्याच्या आधी काय, नंतर काय. दोन ध्वनी एकाही परिसरात भेटत नसतील आणि उच्चारात जवळचे असतील, तरच स्वनांतरं म्हणा. ‘रंग’ आणि ‘पंत’ यांतलं अनुनासिक घ्या. पहिल्यात जीभ ग च्या जागी आधीच पोचते, दुसऱ्यात त च्या. ‘रंग’मधला ध्वनी क-वर्गाबाहेर सहसा सापडत नाही (‘वाङ्मय’सारखा संस्कृत शब्द सोडा), म्हणून ही दोन्ही स्वनांतरं.

प्रश्न : ‘घोड्यांवरून’च्या रूपिका पाडताना दर वेळी गोंधळ होतो.

उत्तर : रूपिका म्हणजे शब्दाचा अर्थ असलेला सर्वांत लहान तुकडा. अक्षरावर कात्री लावली की गोंधळ होणारच, ‘ड्यां’ या एका अक्षरात तीन रूपिकांचे तुकडे आहेत. शेजारी घोडा, घोडी, घोडे मांडा. न बदलणारा भाग ‘घोड्’, हलन्त लिहा. मग घोड् + या (सामान्यरूप) + अनुस्वार (अनेकवचन) + वर + ऊन. दोन खाचखळगे आहेत. ‘मांजर’मध्ये ‘जर’ दिसतो म्हणून तो तोडू नका, उरलेल्या ‘मां’ला अर्थ नाही. आणि घोडी, भिंती, शहरी या तिघांतली ई एक समजू नका : पहिली स्त्रीलिंगाची, दुसरी अनेकवचनाची, तिसरी नामाचं विशेषण करणारी. ‘एक दगड, दहा दगड’ इथे अनेकवचनाला शून्य रूपिका (अर्थ आहे, पण ध्वनी नाही) मांडतात. ती जागा कोरी सोडली तर तक्ता अपुरा राहतो.

प्रश्न : आमच्याकडे ‘पानी’, ‘डोया’ म्हणतात. प्रकल्पात तसं लिहिलं तर शिक्षकांनी लाल शाईने ‘पाणी’, ‘डोळा’ केलं.

उत्तर : प्रकल्प वऱ्हाडी बोलीवर असेल तर ती दुरुस्ती नव्हे, नोंदीत फेरफार आहे. जिथे ण चा न होतो, तिथे मन–मण हे युग्म उरत नाही, म्हणजे त्या बोलीची स्वनिमांची यादीच वेगळी. पहिल्या पानावर गाव, बोलणाऱ्याचं वय आणि ध्वनिमुद्रणाची तारीख लिहा, शब्द ऐकला तसाच ठेवा, प्रमाण रूप शेजारच्या रकान्यात द्या. एकेक शब्द किमान तीनदा म्हणवून घ्या, तोही वाक्यात. नुसता शब्द विचारला की माणूस शाळेतलं ‘पाणी’ म्हणून मोकळा होतो.