पितळी व्हॉल्व हिरवा का पडला?

प्रश्न : आमच्या इमारतीतल्या राखीव जनरेटरला आम्ही बी२० म्हणजे २० टक्के बायोडिझेल मिसळलेलं डिझेल वापरतो. जनरेटर क्वचितच चालतो, त्यामुळे तेल महिनोन्‌महिने पडून राहतं. टाकी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची, व्हॉल्व पितळी आणि इंजिनाकडे जाणारी नळी तांब्याची आहे. अलीकडे व्हॉल्ववर हिरवट थर दिसतो आणि फिल्टर चिकट गाळाने चोंदतो. तेल घेताना मिळालेल्या अहवालात तांब्याच्या पट्टीच्या चाचणीचा निकाल ‘१ए’, म्हणजे उत्तम, असा आहे. मग हे झालं कसं? बायोडिझेलचं प्रमाण कमी करावं का?

उत्तर : अहवाल खरा असेल, पण त्यावर विसंबून तांबं सुरक्षित मानता येत नाही. इंधनाच्या प्रयोगशाळेत मी ही चाचणी वर्षानुवर्षं केली आहे आणि तिच्या निकालाला लोक भलताच अर्थ चिकटवतात हे पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घासून लख्ख केलेली तांब्याची पट्टी ५० अंश सेल्सिअसच्या इंधनात ३ तास बुडवून ठेवायची, मग तिचा रंग ठरावीक नमुन्यांशी ताडून पाहायचा, एवढीच ही चाचणी. खनिज तेलातलं क्रियाशील गंधक तांबं काळवंडवतं, ते पकडण्यासाठी ती बेतलेली आहे. बायोडिझेलमध्ये गंधक जवळजवळ नसतंच, त्यामुळे पट्टी सहसा पास होते. पट्टीचं वजन कोणी करत नाही. थोडं तांबं तेलात विरघळून गेलं, तरी पट्टी चकचकीत दिसू शकते. शिवाय ती चाचणी ताज्या तेलाची. तुमच्या टाकीत आहे ते मुरलेलं तेल.

आणि तेल मुरताना काय होतं, हाच तर सगळा मुद्दा आहे. बायोडिझेल म्हणजे वनस्पती तेलाच्या किंवा चरबीच्या मेदाम्लांची मिथाइल एस्टरं. त्यांतल्या असंतृप्त साखळ्यांवर हवेतला ऑक्सिजन हल्ला करतो. आधी पेरॉक्साइडं बनतात, मग साखळ्या तुटून फॉर्मिक, अॅसेटिक यांसारखी छोटी आम्लं तयार होतात. त्यात बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्त ओलावा शोषून घेतं. आम्ल आणि पाणी एकत्र आलं की धातू पोखरला जाणारच. तुम्हाला दिसलेला हिरवा थर तांब्याच्या क्षारांचा आहे.

पण मला व्हॉल्वपेक्षा तेलाची जास्त काळजी वाटते. तेलात उतरलेलं तांबं उत्प्रेरकाचं काम करतं, ऑक्सिडीकरण आणखी जोरात चालतं, आम्ल वाढतं आणि ते पुन्हा तांबं ओढून घेतं. पितळ, कासं, शिसं, कथील, जस्त हे सगळे याच पंगतीतले. तुमच्या टाकीच्या आतला जस्ताचा मुलामा मेदाम्लांशी संयोग पावून जस्ताचा साबण बनवतो. फिल्टरमधला चिकट गाळ बहुधा त्याचा आणि तेलातल्या डिंकासारख्या पदार्थाचा आहे. गॅल्व्हनाइज्ड टाकीत साधं डिझेलसुद्धा साठवू नये, असा सल्ला पूर्वीपासून दिला जातो. त्यामुळे बायोडिझेलचं प्रमाण घटवून त्रास कमी होईल, पण टाकी चुकीची ती चुकीचीच राहील.

काय करावं? टाकी साध्या पोलादाची, स्टेनलेस स्टीलची किंवा अॅल्युमिनिअमची घ्या. तांब्याची नळी आणि पितळी व्हॉल्व काढून तिथेही स्टील बसवा. शिशाचा डाख दिलेला सांधा कुठे आहे का, तेही बघा. पोलादही निर्धास्त नाही. तळाशी पाणी साचलं की त्या रेषेवर गंज धरतो आणि बुरशी-जिवाणू वाढतात, त्यांची आम्लं पत्र्याला खड्डे पाडतात. म्हणून तळाचा नळ उघडून पाणी नियमित काढत चला. हे काम सगळ्यांत सोपं आणि नेमकं तेच टाळलं जातं. पुढच्या वेळी तेल घेताना आम्लांक (तेलात किती आम्ल आहे त्याचा आकडा) आणि ऑक्सिडीकरण स्थिरतेचे तास (चाचणीत तेल ऑक्सिजनपुढे किती वेळ टिकतं ते) विचारा. अमेरिकी मानकात शुद्ध बायोडिझेलसाठी किमान ३ तास आहेत, युरोपीय मानकात ८. दोन्हींत आम्लांकाची कमाल मर्यादा ०.५० आहे. जुनं तेल मात्र आता नव्यात मिसळू नका.

प्रश्न : पडून राहणारी टाकी भरलेली ठेवावी की जवळपास रिकामी?

उत्तर : भरलेली, फक्त तेल फुगायला वर थोडी जागा सोडून. टाकी रिकामी असली की दिवसाच्या उष्णतेने आतली हवा बाहेर जाते, रात्री दमट हवा आत शिरते आणि पत्र्यावर दव धरून ते पाणी तळाला उतरतं. तेल बराच काळ पडून राहणारच असेल, तर ते ताजं असतानाच ऑक्सिडीकरणरोधक घालून घ्या. आम्ल वाढल्यावर घातलेलं औषध झालेलं आम्ल परत घालवत नाही.