पितळेवरची नावे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बर्लिनमधल्या तुझ्या नव्या बिऱ्हाडासमोर, फुटपाथच्या दगडांत बसवलेले चार पितळी चौकोन काळे पडले आहेत, आणि दूर देशाहून आलेल्या आपण ते उजळले तर चालेल का, असे तू विचारले आहेस. चालेल. हे नाझी राजवटीने हद्दपार केलेल्या आणि मारलेल्या माणसांच्या आठवणीचे, वर पितळी पत्रा असलेले दगड आहेत; त्यांना ‘श्टॉल्परश्टाइन’ म्हणतात. जर्मनीत हे काम बहुतेक ठिकाणी शेजारीपाजारी आणि शाळकरी मुलेच करतात.

मात्र कापड हातात घेण्याआधी चारही दगड वाच. ‘येथे राहत होती’ अशा अर्थाची पहिली ओळ, मग नाव, विवाहित स्त्री असल्यास माहेरचे आडनाव, जन्माचे वर्ष, हद्दपारीची तारीख आणि जिथे मारले ते ठिकाण, इतकाच मजकूर दहा सेंटिमीटरच्या चौकोनात मावतो, कारण गुंटर डेम्निग या कलावंताने एका माणसाला एकच दगड आणि तोही शक्यतो त्याने स्वतःच्या इच्छेने राहिलेल्या शेवटच्या घरासमोर, असा नेम ठेवला. 1992 साली कोलोनमध्ये त्यांनी रोमा आणि सिंती या, ज्यूंप्रमाणेच नाझींनी छळलेल्या, समाजांच्या हद्दपारीची आठवण म्हणून पहिला दगड बसवला. 2023 च्या मे महिन्यात न्यूरेंबर्गमध्ये एक लाखावा बसला. त्यांतले बहुसंख्य दगड ज्यू माणसांचे आहेत. तुझ्या दारातले आडनाव चारही दगडांवर एकच असेल, तर जन्मवर्षांची वजाबाकी करून पाहा. आई कोणती आणि धाकटे मूल कोणते, हे कोणी न सांगता कळेल.

आता हाताचे काम. घरी आपण समई चिंचेने घासतो, ती सवय येथे नको. आंबट नीट धुतले गेले नाही तर पितळ लवकरच पुन्हा डागाळते. धातू उजळण्याचे साधे मलम, मऊ कापड, पाणी आणि पुसायला कोरडे फडके एवढे पुरते. तारेची घासणी कधीच वापरू नकोस. मी पहिल्या वर्षी उत्साहाने वापरली आणि एका वृद्ध शेजारणीने न रागावता मला पत्र्यावरचे ओरखडे दाखवले. ते अजून तिथेच आहेत. अक्षरे हाताने ठोकून उमटवलेली असतात, त्यामुळे त्यांच्या खाचांतला काळपटपणा कोरून काढायचा नसतो. त्याच्यामुळेच उजळलेल्या पितळेवर नाव वाचता येते.

नावे पायाखाली का, हा तुझा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला पडणारच. पुस्तकाला पाय लागला तरी आपण हात जोडतो. म्युनिकच्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोटे क्नोब्लोख, ज्या स्वतः लहानपणी नाझी काळातून वाचल्या, त्यांचा आक्षेप हाच आहे, आणि त्या शहराने सार्वजनिक फुटपाथवर हे दगड बसवू दिलेले नाहीत. तिथे 2018 पासून भिंतींवर आणि खांबांवर नावे लावतात. डेम्निग म्हणतात की वाचणाऱ्याला वाकावे लागते, म्हणजे तो नमस्कारच झाला. मला पंढरपूरची नामदेव पायरी आठवते, पण ती उपमा पुरती बसत नाही. नामदेवांनी ती जागा स्वतः मागून घेतली असे आपण मानतो. या माणसांना कोणी विचारले नाही. म्हणून मला दोन्ही बाजू पटतात, आणि तूही निवाडा करण्याची घाई करू नये.

नोव्हेंबर 2017 मध्ये बर्लिनच्याच नॉयकोल्न भागातून असे 16 दगड उपटून नेले होते; लोकांनी देणग्या दिल्या आणि ते पुन्हा बसवले गेले. तुझा एखादा दगड हलत असेल किंवा मजकुरात चूक दिसली, तर स्वतः काही करू नकोस, तुझ्या भागातल्या या कामाच्या गटाला कळव.

राहता राहिली वेळ. 1938 च्या पोग्रोमची, म्हणजे ज्यूंवर झालेल्या सामूहिक हल्ल्यांची, आठवण म्हणून 9 नोव्हेंबरला आणि आउश्वित्झ या नाझी छळछावणीच्या मुक्तीची म्हणून 27 जानेवारीला पुष्कळ जण मेणबत्त्या घेऊन येतात, दगड लखलखतात. हिवाळ्याचा पाऊस आणि चिखल झेलून मार्चपर्यंत ते पुन्हा मंद होतात, आणि तेव्हा सहसा कोणी फिरकत नाही. तू मार्च घे. गुडघ्याखाली ठेवायला जुनी उशी ने; तिथली फरशी तेव्हाही चांगलीच गार असते.

तुझा,
काका

(ता. क. काम चालू असताना कोणी थांबून विचारले, तर नाव मोठ्याने वाचून दाखव.)